विहीणबाईंचा सी फॉर्म

परदेशी नागरिक आपल्या घरी मुक्कामाला आला, की तो पोचल्यापासून चोवीस तासांच्या आत त्याची माहिती सरकारला कळवायची असते. कळवायचं काम पाहुण्याचं नाही, ज्याच्या घरी तो उतरला त्याचं. हॉटेलवाल्यांना हे पाठ असतं. घरगुती यजमानांपैकी फार थोड्यांच्या कानावर गेलेलं असतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. आता गावोगाव कुणाचा ना कुणाचा मुलगा जर्मनीत असतो, मुलगी कॅनडात असते. तिकडचे जावई, सुना, व्याही आपल्या घरी येऊन राहतात. त्यांच्यासाठी आपण गाद्या शिवून घेतो, आचाऱ्याला तिखट कमी घालायला सांगतो. हा एक कागदही त्याच तयारीत धरायला हवा.

आमच्या मुलाचं लग्न स्टुटगार्टला नोंदणी पद्धतीने झालं. सून तिथलीच. डिसेंबर २०२४ मध्ये ती दोघं आणि तिचे आईवडील सावंतवाडीजवळच्या आमच्या गावी येणार होते. घरच्या देवासमोर पुन्हा अक्षता टाकायच्या, गावजेवण घालायचं असं ठरलेलं. सी फॉर्म हे या कागदाचं तेव्हाचं नाव मी ऐकलं ते धाकट्या बहिणीच्या तोंडून. ती मांद्रेला दिलेली, गोव्यातल्या पेडणे तालुक्यात. हरमल, मांद्रे, मोरजी या पट्ट्यात हंगामात परदेशी लोक घरांतून भाड्याने राहतात, तिच्याही माडीवर असतात. तिथल्या बायकांना सी फॉर्म वीजबिलाइतकाच ओळखीचा. फोनवर ती पहिलं वाक्य बोलली ते हे: "अगो, तुजा घर खंय नोंदवलेला आसा काय? ते येवच्या आदी ता कर."

त्या एका वाक्यात अर्धी प्रक्रिया आली. फॉर्म पाहुणे आल्यावर भरायचा असतो, पण तो भरण्यासाठी आधी घर नोंदवलेलं लागतं, आणि ती नोंद मंजूर व्हायला वेळ जातो. पाहुणे अंगणात उतरल्यावर सुरुवात केली तर चोवीस तास कधी सरले कळणारही नाही.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते, ती आधी सोडवून टाकते. एक आहे परदेशी माणसाने स्वतः करायची नोंदणी. ज्याचा व्हिसा १८० दिवसांहून जास्त काळासाठी असतो, म्हणजे नोकरी, शिक्षण, संशोधन अशा कामांसाठी जो येतो, त्याने सर्वसाधारणपणे आल्यापासून १४ दिवसांत परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नाव नोंदवायचं असतं. महिनाभराच्या पर्यटकाचा त्याच्याशी संबंध येत नाही. दुसरी गोष्ट आपली, यजमानाची: सी फॉर्म. पाहुणा एक रात्र राहो की दोन महिने, तो भरायचाच. "आमचे पाहुणे पंधरा दिवसांसाठीच येताहेत, त्यांना कुठली नोंदणी?" असं मला बऱ्याच जणांनी विचारलं, ते पहिल्या नोंदणीबद्दल बोलत होते. विद्यार्थ्यांसाठी कॉलेजं-विद्यापीठं भरायची तो एस फॉर्म, तोही वेगळा.

तेव्हा लागू होता तो १९४६ चा परकीय नागरिक कायदा, आणि त्याला जोडून १९९२ चे नोंदणी नियम. माझा भाचा वकील आहे. त्याने कलम ७ काढून माझ्यासमोर ठेवलं. त्यात शब्द आहेत ते मोबदला घेऊन निवास देणाऱ्याबद्दल. "मावशी, तू काय व्याह्यांकडून भाडं घेणार आहेस? मग तुला हे कलम लागतं का, यावर कोर्टात वाद घालता येईल," तो म्हणाला. वाद घालता येईलही. पण ज्या सरकारी संकेतस्थळावर हा फॉर्म भरायचा, तिथे हॉटेल, अतिथिगृह, धर्मशाळा, रुग्णालय, विद्यापीठ यांच्या रांगेतच खासगी घरही लिहिलेलं आहे. शिवाय त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये उल्लंघनाला पाच वर्षांपर्यंत कैद आणि दंड होता. मला व्याह्यांचा पाहुणचार करायचा होता, त्यांच्या मुक्कामावर कायद्याचा कीस काढत बसायचं नव्हतं. भाच्याचंही शेवटी मत हेच पडलं: भरून टाक.

मोठ्या शहरांत यासाठी परकीय नागरिकांचं प्रादेशिक नोंदणी कार्यालय असतं. मुंबईत आहे, गोव्यात आहे. जिल्ह्यांत ते काम पोलीस अधीक्षकांकडे असतं. म्हणून आम्ही ओरोसला, सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मुख्यालयी गेलो. तिथे जिल्हा विशेष शाखेत हे टेबल आहे. टेबलावरच्या हवालदारांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, पावणे येवच्या आदी इलेले पयलेच तुमी." मग त्यांनी जे समजावलं ते इतकं नेमकं होतं की परत येताना गाडीत मी सगळं वहीत उतरवून काढलं. आपला जिल्हा १९९७ पासून पर्यटन जिल्हा, वेंगुर्ला-मालवणकडे घरगुती निवासाची सोय करणारी कुटुंबं वाढताहेत, आणि शेजारी गोव्यात मोपाचा विमानतळ २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून परदेशी माणूस थेट दारात येतो. नोंद करणारे मात्र वाढले पाहिजेत तितके वाढलेले नाहीत, हे त्यांचं म्हणणं मला मनापासून पटलं.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाहुण्याचा पासपोर्ट हरवला, समुद्रावर बॅग गेली, तर आधी पोलिसांत तक्रार, मग त्या देशाच्या वकिलातीकडून तात्पुरतं प्रवासपत्र. पण तेवढ्याने देशाबाहेर जाता येत नाही. नव्या कागदावर भारतात आल्याचा शिक्का नसतो, व्हिसा नसतो. म्हणून नोंदणी कार्यालयाकडून देश सोडण्याची परवानगी घ्यावी लागते. तो अर्ज करताना विचारतात, इथे राहता कुठे, आणि त्याचा पुरावा काय. सी फॉर्म भरलेला असेल तर पुरावा हातात असतो. नसेल तर आधीच घाबरलेल्या माणसाच्या मागे आणखी एक चौकशी लागते. व्हिसाची मुदत वाढवायची वेळ आली, कुणी आजारी पडून मुक्काम लांबला, तरी तेच. आपण भरलेला कागद पाहुण्याला परक्या मुलखात आधार देतो, हे मनात बसल्यावर हे काम मला कटकटीचं वाटलं नाही.

घर नोंदवताना खरा वेळ गेला तो कोकणातल्या घरांच्या स्वभावामुळे. संकेतस्थळावर घरमालकाचं नाव, पत्ता, फोन, ईमेल, ओळखपत्र मागतात. आमचं घर सामाईक. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीचा, अजून सासऱ्यांच्या नावावर, आणि त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली. वीजबिलही त्यांचंच. चुलत दीर लालबागला, त्यांचाही घरात हिस्सा. शहरात फ्लॅटवाल्याला जे दोन मिनिटांत जमतं, ते इथे घराण्याच्या वंशावळीपर्यंत जातं. आम्ही ओरोसला विचारलं तेव्हा उत्तर सरळ मिळालं: जो माणूस त्या घरात राहतो आणि पाहुण्याला ठेवून घेतो, त्याची जबाबदारी, तेव्हा त्याच्या नावाने करा आणि तो तिथेच राहतो हे दाखवणारे कागद जोडा. मग मी माझ्या नावाने केलं. आधारकार्ड, ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला, वीजबिल, घरपट्टीची पावती, आणि चुलत दिरांचं एक संमतिपत्र. ते कुणी मागितलं नव्हतं, पण सामाईक घरात असं पत्र असलेलं बरं, असं ह्यांचं मत पडलं आणि ते योग्यच होतं.

फॉर्ममध्ये निवासाचं नाव मागतात. घराला नाव नव्हतं, आडनाव लिहून पुढे 'निवास' जोडलं. निवासाचा प्रकार, त्याची क्षमता, त्याचा दर्जा हेही विचारतात. हे रकाने उघडच हॉटेलं डोळ्यांसमोर ठेवून केलेले आहेत. पाच वर्षांतून एकदा व्याह्यांना बोलावणाऱ्या कुटुंबाने क्षमता काय लिहायची? पाहुण्यांच्या दोन खोल्या आहेत तेवढंच लिहिलं. रस्त्याचं नाव आमच्याकडे नाही. घर क्रमांक, वाडी, गाव, तालुका, पिनकोड. तपासणीनंतर नोंद मंजूर झाली आणि लॉगिन चालू झालं. त्या दिवशी मांडवाची सुपारी दिली होती, तरी मला हेच काम मोठं झाल्यासारखं वाटलं.

आता पाहुण्यांचे पासपोर्ट. माझ्या मनात यावरून थोडी घालमेल होती. विहीणबाई पहिल्यांदा घरी येणार, आणि त्यांच्याकडे पासपोर्टची प्रत मागायची? लग्नाघरी असं काही मागणं आपल्या रीतीत बसत नाही. मी मुलाला सांगितलं, त्याने सुनेला सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी तिघांच्याही पासपोर्टच्या स्वच्छ स्कॅन केलेल्या प्रती आल्या, वर विहीणबाईंचा निरोप: आणखी काही लागलं तर कळवा. पुढे त्या आल्यावर याबद्दल बोलणं झालं. त्यांच्या घराचा वरचा मजला त्यांनी भाड्याने दिलेला आहे. जर्मनीत घर बदललं की दोन आठवड्यांत महापालिकेच्या कार्यालयात नोंद करावी लागते, आणि त्यासाठी घरमालकाने सही करून दाखला द्यावा लागतो. २०१५ पासून तो सक्तीचा आहे. असे दाखले त्यांनी स्वतः भाडेकरूंना दिलेले. घर देणाऱ्याने सरकारला कळवायचं, यात त्यांना अवघडण्यासारखं काही नव्हतं.

आम्ही मुलाकडे गेलो होतो तेव्हा मात्र आमची अशी नोंद झाली नव्हती, कारण परदेशातून भेटीला आलेल्याला तिथे तीन महिन्यांपर्यंत ती करावी लागत नाही. प्रत्येक देशाचं वेगळं. इटलीत गैर-युरोपीय पाहुण्याला घरी ठेवून घेणाऱ्याने ४८ तासांत लेखी कळवायचं असतं. आपली मुलं मिलान-तोरिनोला शिकतात, तिथे आईवडील महिनाभर राहायला जातात, तर मुलाने हे विसरू नये. चीनमध्ये हॉटेलऐवजी घरी राहिलात तर २४ तासांत पोलीस ठाण्यात नोंद. थायलंडमध्येही २४ तासच, आणि आपल्यासारखीच घरवाल्याची जबाबदारी. तिकिटं काढताना त्या देशाचा हा नियम एकदा पाहून घ्यावा, एवढंच सांगते.

पासपोर्टच्या प्रती आधी हातात असल्याचा फायदा असा, की मी निवांतपणे एकेक रकाना वहीत लिहून ठेवू शकले. पासपोर्ट क्रमांक, दिल्याचं ठिकाण, दिल्याची तारीख, मुदत. व्हिसाचा क्रमांक, प्रकार, मुदत. जर्मन पासपोर्टच्या क्रमांकात अक्षरं आणि आकडे मिसळलेले असतात, पण इंग्रजी ओ हे अक्षर त्यात वापरतच नाहीत. गोल दिसतो तो शून्यच. आमच्या व्याह्यांच्या आडनावात यू वर दोन टिंबं आहेत. ती आपल्या कीबोर्डवर येत नाहीत. अशा वेळी पासपोर्टच्या फोटोपानावर अगदी तळाशी यंत्राला वाचण्यासाठी दोन ओळी छापलेल्या असतात त्या पाहाव्यात. तिथे दोन टिंबांच्या यू ऐवजी यू-ई लिहिलेलं असतं. मी तसंच लिहिलं, आणि व्हिसावरचं नाव त्याच्याशी ताडून पाहिलं. सुनेच्या बाबतीत ती आता आमची सून, तर तिचं नाव आमच्या आडनावाने लिहावं असं ह्यांना फार वाटत होतं. पण तिच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे, म्हणून फॉर्मवरही तेच.

तिघांचे ई-व्हिसा होते. सुनेला पुढे परदेशस्थ भारतीय नागरिक कार्ड घेता येईल, पण जोडीदार म्हणून ते मिळायला नोंदलेलं लग्न दोन वर्षं झालेलं लागतं, म्हणून या खेपेला तीही पर्यटक व्हिसावरच आली. ई-व्हिसाचं पान पासपोर्टात चिकटवलेलं नसतं. मंजुरीचा कागद ईमेलने येतो आणि विमानतळावर शिक्का मारून देतात. ते घरी पोचले की मंजुरीचा कागद आणि तो शिक्का, दोन्ही पाहायचं ठरवून ठेवलं होतं.

फ्रँकफर्टहून विमान मध्यरात्रीनंतर मुंबईत उतरलं. म्हणजे तिकिटावरची निघण्याची तारीख एक आणि भारतात आल्याच्या शिक्क्यावरची दुसरी. फॉर्मवर शिक्क्याची लिहायची. विश्रांतीसाठी ते एक रात्र मुंबईत हॉटेलात राहिले. त्या हॉटेलने त्यांचा सी फॉर्म भरला. मला वाटत होतं मग आपला भरावा लागणार नाही, पण बहिणीने सांगून ठेवलं होतं की प्रत्येक मुक्कामाचा फॉर्म वेगळा. भारतात आल्याची तारीख एक, आमच्या घरी आल्याची दुसरी, असे दोन निरनिराळे रकानेच आहेत.

मोपाहून ते दुपारी घरी आले. ओवाळणं झालं, जेवणं झाली, सोलकढी विहीणबाईंना आवडली. पाहुणे जरा पडले तसा मुलगा आणि मी संगणकापुढे बसलो. वही उघडी. कुठून आले, घरी किती वाजता पोचले, किती दिवस राहणार, भारतात नोकरी करतात का, भेटीचा हेतू काय, इथून पुढे कुठे जाणार, भारतातला फोन, मायदेशातला फोन. फोटो जोडायचा तो फार मोठा चालत नाही, आधी लहान करून ठेवलेला बरा. तिघांचे तीन फॉर्म. नवराबायकोचा एकत्र असा प्रकार नाही. तान्हं मूल असलं तरी त्याचा पासपोर्ट वेगळा, म्हणून फॉर्मही वेगळा. मुलाचा पासपोर्ट भारतीय, त्याचा प्रश्नच नव्हता. सगळं आधी लिहिलेलं असल्यामुळे पाहुणे चहाला उठण्याच्या आत काम झालं. प्रत्येकाची छापील प्रत काढली. एक आमच्या फाइलला, एक त्यांच्या हातात. व्याह्यांनी ती घडी घालून पासपोर्टच्या कव्हरात ठेवली.

गावजेवणानंतर ते चार दिवस गोव्यात फिरून आले, तिथे हॉटेलात राहिले. परत आमच्याकडे आले तेव्हा मी पुन्हा तिघांचे फॉर्म भरले. ह्यांनी विचारलं, "आता परत कशाला? तेच घर, तीच माणसं." पण मधल्या रात्री ते दुसऱ्या पत्त्यावर होते, आणि त्या पत्त्यावरून इथे आल्याची नोंद नसेल तर कागदावर ते अजून गोव्यातच दिसणार.

एका सकाळी आमच्या बीटचे पोलीस अंमलदार आले. गावात परदेशी पाहुणे दिसताहेत, एवढंच विचारायला. मी प्रती दाखवल्या, त्यांनी नावं पाहून घेतली, घावनं खाल्ली आणि गेले. विहीणबाईंनी त्यांना हात जोडून नमस्कार केला, तो त्यांना आमच्या सुनेने शिकवला होता.

१ सप्टेंबर २०२५ पासून कायदा बदलला. इमिग्रेशन आणि परकीय नागरिकांबाबतचा २०२५ चा नवा कायदा लागू झाला आणि १९२०, १९३९, १९४६ आणि २००० असे चार जुने कायदे रद्द झाले. निवास देणाऱ्याने माहिती कळवायची जबाबदारी मात्र नव्या कायद्यातही कायम आहे. फॉर्मांची नावं नि क्रमांक अशा वेळी बदलतात, म्हणून पुढच्या पाहुण्याआधी सरकारी संकेतस्थळावर ताजी सूचना वाचायची आणि जिल्ह्याच्या टेबलावर एकदा विचारायचं, असं मी ठरवून टाकलं आहे.

माझी एक मागणी आहे आणि ती मी ओरोसला लेखी दिली आहे. ई-व्हिसाचा अर्ज भरताना भारतातल्या ओळखीच्या माणसाचं नाव, पत्ता आणि फोन लिहावाच लागतो. आमच्या तिन्ही पाहुण्यांनी तिथे माझं नाव आणि नंबर लिहिला होता. म्हणजे व्हिसा मंजूर होतो त्या दिवशी यजमान कोण हे सरकारला कळलेलं असतं. त्याच नंबरवर मराठीत एक निरोप पाठवता येईल: तुमच्याकडे परदेशी पाहुणे येणार आहेत, घर आधी नोंदवा, पोचल्यापासून चोवीस तासांत माहिती भरा. आणि घरगुती यजमानासाठी फॉर्म छोटा करता येईल. दर्जा, क्षमता यांचे रकाने काढून टाकून फक्त घर कुणाचं आणि पाहुणा कोण एवढं विचारणारा. ज्यांच्याकडे संगणक नाही त्यांना गावातल्या आपले सरकार केंद्रात तो भरता यावा. गावच्या बचत गटातल्या तिघीजणी आता न्याहारी-निवासाची सोय सुरू करताहेत. त्यांना मी माझी वही दिली आहे. त्यांतल्या एकीच्या घराचा उतारा अजून आजेसासऱ्यांच्या नावावर आहे, तेव्हा तिच्या रहिवासी दाखल्यासाठी सोमवारी आम्ही दोघी ग्रामपंचायतीत जाणार आहोत.